पार्लरच्या दारावरचा लगाम

आमच्या नगर शहरात ब्युटी पार्लरं किती हे मोजायला बसाल तर दमाल, आणि त्यातल्या निम्म्यांच्या दारावर आज या घडीला घोड्याचा लगाम टांगलेला आहे. खोटं वाटत असेल तर सावेडीतून निघा आणि बोर्ड वाचत वाचत गावात या. नवरीच्या मेकअपला इंग्रजीत ब्रायडल मेकअप म्हणतात, एवढं आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या ब्रायडलच्या शेवटी ए-एल लिहायचं असतं. आमच्याकडे बिनधास्त एल-ई लिहितात. आणि एल-ईवालं ब्रायडल म्हणजे नवरीचं काही नाही, घोड्याच्या तोंडावर चढवतात तो लगाम, पट्ट्या-कड्यांसकट. उच्चार दोन्हीचा एकच. त्यामुळे कुणाला त्याचं काही पडलेलं नाही.

मला पडलेलं आहे. दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "ताई, आयुष्यभर नवऱ्या सजवल्यात, काहीतरी गोड लिहा." गोड हवं असेल तर फराळाचं ताट आहे समोर. मी एका शब्दाबद्दल लिहिणार आहे, आणि तो आठवला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माझ्याही बोर्डावर तोच लगाम होता, हे आधी सांगून टाकते. पार्लर काढलं तेव्हा पेंटरला मी कागदावर मराठीत लिहून दिलं होतं, 'नवरीचा मेकअप करून मिळेल'. तो म्हणाला, "वहिनी, असलं मराठी लिहिलं तर नवऱ्या पुण्याला जातील. इंग्लिश टाकू." टाकलं त्यानं. लाल अक्षरं, पिवळी सावली, कोपऱ्यात एक नथ घातलेली बाई, जिचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. मला बी.ए.ला मराठी आणि इतिहास. मी डोळ्यावरून भांडले, स्पेलिंगकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे पेंटर गेले, फ्लेक्सवाले आले, मोबाईलवर पेज आलं, आणि प्रत्येक वेळी जुन्यावरून नवीन उतरवून घेत तो लगाम माझ्याबरोबर पुढे पुढे येत राहिला.

तो पकडला कुणी, तर खर्ड्याकडच्या एका घोडेवाल्यानं. लग्नसराईचे दिवस होते. दुपारी एक धिप्पाड गृहस्थ दारात आले, डोक्याला फेटा, हातात मोबाईल. आमच्याकडे पुरुषांना आत यायची बंदी आहे. मी म्हटलं, "काय हवंय? बायका आहेत आत."

"मॅडम, घोडीचं सामान हितंच भेटतं ना?"

"कसलं सामान?"

"लगाम. आन् जरा सजवायचं बी हाय तिला. उद्या केडगावला वरात हाय आमची."

मला वाटलं, दारू पिऊन आलाय. मी आवाज चढवला. तसा तो माणूस दोन पावलं मागं सरकला, पण हटला नाही. "आवो, रागावताय कशापायी? बोर्डावर लिवलंय की तुमच्या!" आणि त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. हल्ली फोनचा कॅमेरा इंग्रजी पाटीवर धरला की फोन तिचं मराठी करून दाखवतो. माझ्या बोर्डाचं मराठी त्या पडद्यावर दिसत होतं: 'लगाम मेकअप आणि केस. घरी येऊन करून मिळेल.'

"घरी येऊन बी करता म्हनं," तो भाबडेपणानं म्हणाला. "म्हंजी मग घोडी हितवर आनायला नगं."

खुर्चीत फेशियलला बसलेल्या बाईचा पॅक हसून हसून तडकला. मी त्या गृहस्थांना कसंबसं वाटेला लावलं आणि फोन बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. यंत्राला काय कळतं, म्हटलं. नवरी आणि घोडी यांतला फरक कळत नाही त्याला!

त्याच आठवड्यात साळवेबाई केस कापायला आल्या. साळवेबाई म्हणजे मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिका. वय सत्तरीपुढे, केस बॉयकट, बोलणं तिखट. त्यांना मी तो किस्सा सांगितला, हसतील म्हणून. त्या हसल्या नाहीत. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "शैला, फोन बरोबर आहे. तुझ्या बोर्डावर लगामच लिहिलाय."

"काय सांगता!"

"मी पहिल्यांदा आले ना, तेव्हाच वाचलं होतं."

"आणि इतकी वर्षं मला सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, तू मुद्दाम लिहिलंयस. मनात म्हटलं, बाई धीट आहे. लग्न म्हणजे काय ते दारावरच सांगून टाकलंय."

मग साळवेबाईंनी भर पार्लरमध्ये मला शिकवणी दिली. म्हणाल्या, लगाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नुसती दोरी येते, पण ब्रायडल म्हणजे डोक्यावरचं सगळं. कपाळावरून एक पट्टी, दोन गालांवरून दोन, हनुवटीखालून एक, तोंडात लोखंडी कडी आणि त्या कडीला बांधलेल्या ओढायच्या वाद्या. माणसाच्या जिभेला, खर्चाला, रागाला आवर घालायचा तरी इंग्रजीत हाच शब्द. आणि जो कुणाला आवरत नाही, उधळलेला आहे, तो अनब्रायडल्ड.

"आणि आपलं? ए-एलवालं?" मी विचारलं.

"ते वेगळ्या घराण्यातलं. जुन्या इंग्रजीत नवरीच्या नावानं दारूची मेजवानी असायची. ब्राइड आणि एल. एल म्हणजे बिअर. त्या दोहोंचं मिळून ब्रायडल झालं."

म्हणजे बघा. चुकीचं लिहा तर घोड्याचा लगाम, बरोबर लिहा तर वरातीतल्या पिणाऱ्यांची सोय. नवरी बिचारी दोन्हीकडे नावापुरती. मी इंग्रजांना त्या दिवशी हात जोडले.

तेवढ्यात आमच्या नगरचं अहिल्यानगर झालं आणि सगळ्यांनी बोर्डावरचे पत्ते बदलायला काढले. मीही फ्लेक्सवाल्याकडे गेले. म्हटलं, गावाचं नाव बदल आणि खालचं हे स्पेलिंगही बदल. तो पोरगेला माणूस कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाला, "मॅडम, सगळे असंच टाकतात. तुम्ही एकट्यांनी बदललं तर चूक दिसेल."

"अरे पण हे घोड्याचं आहे!"

"लोकांना कुठं माहितीये? घोड्यांना वाचता येत नाही."

मी बदलायला लावलं. तर पुढच्या महिन्यात तीन जणींनी फोन करून मला माझं स्पेलिंग चुकल्याचं सांगितलं! एकीनं तर वर सल्ला दिला, "काकू, चांगल्या माणसाकडून करून घ्यायचा ना बोर्ड, असं हसं होतं." लोकां सांगे ब्रह्मज्ञान! एवढी वर्षं चुकीचं होतं तेव्हा चकार शब्द नाही, आणि सुधारलं तर वरातीमागून घोडं. चूक चारचौघांनी मिळून केली की तिची रीत होते, आणि रीत मोडणारीच मग चुकीची ठरते. ही गोष्ट स्पेलिंगापुरती असती तर मी सोडून दिली असती. ती तेवढ्यापुरती नसते, हे मला प्रतीक्षाच्या लग्नात कळलं.

त्याआधी आमचं काम थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं पार्लरवाली म्हणजे पावडर आणि लिपस्टिक. नवरीचं काम लग्नाच्या दिवशी सुरू होत नाही. आधी एकदा तिला बोलावून सगळं करून बघायचं, त्याला ट्रायल म्हणतात. चेहऱ्याला काय सोसतं, पुरळ येते का, साडी कोणती, मुंडावळ्या मोत्यांच्या की फुलांच्या, नथ टोचलेल्या नाकातली की चापाची. चापाची असेल तर जेवताना पडते, मग तिला आतून चिकटपट्टीचा एवढासा तुकडा. बेस म्हणजे चेहऱ्यावरचा पहिला थर. तो मानेच्या रंगाशी जुळलाच पाहिजे. जुळला नाही की मुखवटा अडकवल्यासारखं दिसतं, आणि घामाचा पहिला ओघळ आला की खालची खरी मुलगी दिसायला लागते. नवरी रडणार हे धरूनच डोळे करायचे असतात. सासरी निघताना आई गळ्यात पडते तेव्हा माझं काजळ उतरलं नाही, हा माझा खरा सर्टिफिकेटचा कागद. बाकीचे भिंतीवर लावायला.

आणि दुसरं एक काम असतं, जे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. त्या खुर्चीत बसलेली मुलगी दोन-तीन तास हलू शकत नाही. डोळे मीट म्हटलं की मिटायचे, वर बघ म्हटलं की वर. त्या वेळात खोलीत जो येतो तो तिला काहीतरी सांगून जातो. मावशी, आत्या, करवल्या, फोटोवाला. तिला उत्तर देता येत नाही, कारण ओठांवर माझा ब्रश असतो. कितीतरी नवऱ्या मुलींना त्यांच्या पुढच्या आयुष्याचे नियम माझ्या खुर्चीत बसून ऐकावे लागले आहेत. मी ते सगळे ऐकले आहेत. दरवेळी अंगाचा तिळपापड होतो.

प्रतीक्षा अकोल्याची, म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं अकोले, भंडारदऱ्याकडचं. घरी भाताची शेती. ती शिकून सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागली होती. गाड्यांचे पार्ट तयार होतात, ते तपासायचं काम. ट्रायलला आली ती एकटीच, सुट्टीच्या दिवशी. सावळा, तजेलदार रंग, असा की बेस लावताना मलाच जिवावर यावं. मी नखांची विचारपूस केली, कारण हल्ली सगळ्यांना लांब नखं चिकटवून हवी असतात. तर तिनं हात मागे घेतले.

"नखं नको काकू. सोमवारी लगेच कामावर जायचंय. आमच्यात हातमोजे घालावे लागतात, नखं वाढलेली चालत नाहीत."

"लग्नानंतर सोमवारी लगेच?"

"सुट्टी तेवढीच मिळालीय. बोलणीतच सांगितलंय मी, नोकरी सोडणार नाही. हो म्हणालेत ते." आणि मग जरा लाजून म्हणाली, "आमच्या लाईनवर मी चूक पकडली की सगळी लाईन थांबते. सुपरवायझर पण थांबतात. घरी कुणाला खरंच वाटत नाही."

मला ती तिथेच आवडली. मीही चुकीचं न बघवणाऱ्यांतलीच.

लग्न पुणे रस्त्यावरच्या एका लॉनवर होतं. नवरीच्या खोलीत प्रतीक्षा, तिची आई आणि मी. आई साधी बाई, नव्या साडीत अवघडलेली, कोपऱ्यात बसून लेकीकडे टक लावून बघत होती. बेस झाला होता, एका डोळ्याचं लायनर झालं होतं, दुसऱ्याचं चाललं होतं. तेवढ्यात वरमाय आल्या. सुमनताई त्यांचं नाव. नगरमधलंच घर, बोलणं असं की साखर सांडावी.

"अय्या, किती छान! पण ताई, अजून दोन शेड उजळ करा ना. आमच्या ऋषीच्या शेजारी फोटोत बरं दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, "मानेशी जुळवलाय रंग. उजळ केलं तर चेहरा वेगळा दिसेल."

"मग मानेलाही लावा! त्यात काय एवढं?"

मुलीची मान म्हणजे दिवाळीची भिंत आहे का, रंगाचा डबा सांडायला! मी लायनर चालू ठेवलं. प्रतीक्षाचे डोळे मिटलेले होते. सुमनताईंनी तिचा हात उचलून बघितला. "आणि हे काय, नखं? मजुरासारखी दिसताहेत. लांब लावा छानपैकी."

"नको म्हणालीय ती. कामावर चालत नाहीत."

"कामावर कुठं जायचंय आता?" सुमनताई हसल्या. "ते सगळं झालं. ऋषीनं सांगितलं नाही का? घरात माणसं आहेत, पाहुणे-रावळे आहेत. आता जरा घर बघू दे."

प्रतीक्षाची मान ताडकन वर आली. माझा ब्रश तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून सुटला आणि थेट कानशिलापर्यंत काळी रेघ ओढली गेली. नाकपुड्या फुललेल्या, हनुवटी वर. मी इतक्या नवऱ्या बघितल्या, असं तोंड मी बघितलं नव्हतं.

"बोलणीत ठरलं होतं," ती म्हणाली.

"अगं, बोलणी म्हणजे बोलणी. तेव्हा 'बघू' म्हटलं होतं आम्ही."

"बघू नव्हतं म्हटलं. हो म्हटलं होतं. ऋषी होते तिथं."

"बरं बरं. मंगल दिवशी वाद नको. ताई, ती रेघ पुसा आधी." आणि त्या गेल्यासुद्धा. रेघ पुसायला मी!

प्रतीक्षानं फोन उचलला, ऋषीला लावला. मी लांब उभी राहिले तरी ऐकू येत होतं. तो म्हणत होता, "आत्ता नको ना हे. सगळे जमलेत. नंतर बोलू आपण, प्लीज." नंतर! या एका शब्दावर अर्ध्या बायकांचे जन्म गेलेत. तिच्या आईनं पदर डोळ्याला लावला. "राहू दे गं बाई आता. मांडवात तमाशा नगं. लोकं काय म्हनतील? हळदीच्या अंगानं माघारी जायाचं व्हय?"

मी गप्प राहणारी बाई नाही. मी उठून बाहेर गेले आणि सुमनताईंना गाठलं. म्हटलं, "मुलीला शब्द दिला होता तुम्ही. दिलेला शब्द मांडवाच्या दारात फिरवायचा ही कुठली रीत?" त्यांनी हसू न ढळू देता माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शैलाताई, तुम्ही मेकअप करायला आलात ना? मेकअप करा. छान करता तुम्ही." लोण्यातून सुरी फिरवावी तसं. माझा जीव नुसता जळला. काय करणार होते? मुहूर्त जवळ आला होता, वरात दारात पोचली होती, बँड कानठळ्या बसवत होता.

मी परत आले, रेघ पुसली, पुन्हा बेस लावला. तिच्या स्वतःच्या रंगाचा, एक शेड इकडे ना तिकडे. नखं लावली नाहीत. तेवढंच माझ्या हातात होतं. मुंडावळ्या बांधताना कपाळावर मोत्यांची ओळ, दोन्ही गालांवरून लोंबणाऱ्या दोन सरी... मला साळवेबाईंची शिकवणी आठवली आणि हात थबकले. मनातल्या मनात स्वतःवरच खेकसले, की असलं काही सुचू नये शुभवेळी. मुंडावळ्या किती सुंदर असतात! त्यांचा काय दोष? दोष हातात वाद्या धरणाऱ्यांचा.

लग्न झालं. प्रतीक्षा रडली नाही. सोमवारी ती कामावर गेली नाही, हे मला नंतर तिच्याकडूनच कळलं. केस धुवायला आली होती. "थोडे दिवस थांब म्हणाले," एवढंच बोलली. थोडे दिवस कुणी बघितलेत? मी विचारलं, "ऋषी काय म्हणतो?" ती म्हणाली, "ते चांगले आहेत. फक्त आईंच्या समोर त्यांना आवाज नसतो."

मी हे सगळं साळवेबाईंना सांगितलं तेव्हा माझा आवाज चढलेला होता. ती मान झटकल्याचं, ती काळी रेघ, सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "यालाही ब्रायडलच म्हणतात."

"कशाला?"

"तिनं जे केलं त्याला. एल-ईवालंच. क्रियापद आहे. घोड्याला लगाम चढवणं म्हणजेही ब्रायडल करणं, आणि कुणी मनाविरुद्ध बोललं की मान वर झटकून, हनुवटी उचलून 'हे मला मान्य नाही' असं दाखवणं म्हणजेही ब्रायडल करणं. वाद्या खेचल्या की घोडा मान वर टाकतो ना, त्यावरून आलं ते."

"म्हणजे आवळणाऱ्यालाही तोच शब्द आणि झटकणाऱ्यालाही तोच?"

"तोच."

मी संतापले. खरंच संतापले. म्हटलं, ही काय भाषा आहे! मारणारा आणि ओरडणारा एकाच नावानं? उद्या चोर आणि घरधनी दोघांना एकच शब्द काढाल! साळवेबाई म्हणाल्या, "शैला, शब्दावर कशाला ओरडतेस? एक हात खेचतो म्हणून तर मान वर जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून शब्दही एकच असेल." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि घोडा मान झटकतो तेव्हा लोक काय म्हणतात माहितीये? घोडा खोडकर आहे म्हणतात. वाद्या कुणाच्या हातात आहेत ते कुणी बघत नाही."

मी कात्री ठेवून दिली आणि त्यांच्या गळ्यातलं कापड सोडायला घेतलं. मग त्यांनीच आठवण करून दिली की एका बाजूचे केस राहिलेत.

आता शेवटचं सांगते. यंदा गणपती झाल्या झाल्या सुमनताई पार्लरमध्ये आल्या. बरोबर प्रतीक्षा, दोन्ही हातांत पिशव्या. सुमनताईंच्या मुलीचं, श्रुतीचं, लग्न ठरलं होतं. नवरीचं बुकिंग करायचं होतं. मनात आलं, सांगावं की तारीख रिकामी नाही. पण प्रतीक्षा समोर होती. म्हटलं, बसा.

सुमनताई खुर्चीत बसल्या, केसांना तेल लावून घ्यायला. भलत्या खुशीत होत्या. "काय सांगू शैलाताई, सोन्यासारखं स्थळ. मुलगा पुण्याला इंजिनियर. आणि मी बोलणीतच स्पष्ट अट घातली हं! म्हटलं, आमची श्रुती नोकरी सोडणार नाही. एवढं शिकवलंय मुलीला, ते काय भांडी घासायला? आज हो म्हणाल आणि उद्या फिरवाल, तर चालायचं नाही. शब्द म्हणजे शब्द."

माझी बोटं त्यांच्या डोक्यावर थांबली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे म्हणत आले होते आयुष्यभर. पण ते इतकं धडधडीत, इतकं गोड हसत, समोर सूनबाई पिशव्या धरून उभी असताना! डोकं दाबून फोडावं असं वाटलं. तोंड उघडणार तेवढ्यात मागून पिशव्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आई," प्रतीक्षा म्हणाली.

आवाज अजिबात मोठा नव्हता. सुमनताईंनी आरशातून बघितलं.

"मी सोमवारपासून कामावर जातेय. माझ्या जागेवर आलेली मुलगी बाळंतपणाला गेलीय. सुपरवायझरनी मागच्याच आठवड्यात बोलावलं होतं. तुम्हाला कसं सांगू, हे कळत नव्हतं मला. आता कळलं."

"अगं, इथं? पार्लरमध्ये? हे घरी बोलायचं."

"घरी तुम्ही म्हणता, नंतर बोलू."

"श्रुतीचं लग्न तोंडावर आलंय! पाहुणे येतील, कामं आहेत, आणि तू... ऋषीला विचारलंस?"

"त्यांना सांगितलंय. विचारलं नाही."

सुमनताई तेलाच्या डोक्यानं खुर्चीत अर्धवट वळल्या. माझ्याकडे बघितलं. "शैलाताई, तुम्ही तरी काही सांगा हिला. श्रुतीची गोष्ट वेगळी असते हो!"

"कशी वेगळी, ते सांगा की," मी म्हटलं. "तिलाही ऐकायचंय, मलाही."

जिला कधी शब्द कमी पडले नाहीत, ती बाई वेगळं काय ते शोधत होती आणि ते सापडत नव्हतं. एरवी मी विषय बदलून माणसाची सुटका करते, धंद्याची सवय आहे. त्या दिवशी केली नाही. पार्लरमधल्या दोन-चार बायकाही आपापलं सोडून इकडेच बघत होत्या.

अखेर त्या एवढंच म्हणाल्या, "सकाळी इतक्या लवकर डबा कोण करणार?"

"मी करेन," प्रतीक्षा म्हणाली. "माझाही, ऋषींचाही, तुमचाही. तुम्ही फक्त दार अडवून उभ्या राहू नका."